खारूताईचा चेहरा

४ सप्टेंबर

बेकरीवाल्याच्या बायकोने आज डोकं खाल्लं. पोराचे पुढचे दोन्ही दात पडलेत आणि बाईंना ते चित्रात हवेत! "मनाने घालता येतील ना तुम्हाला?" म्हटलं, येतील की, पण मग तो तुमचा राहायचा नाही, दंतमंजनाच्या डब्यावरचा होईल. बेकरीवाला मागे उभा राहून हसत होता, त्याला बायकोने डोळे दाखवले. शेवटी तोडगा निघाला – पोराने तोंड मिटून बसायचं. कसला बसतोय! मी रंगीत खडू हातात घेतला की याच्या तोंडाचा पट्टा सुरू.

संध्याकाळी लेक माझ्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. आत येत नाही सहसा, खडूच्या भुकटीने तिला शिंका येतात. म्हणाली, "आई, खारूताईचं चित्र काढशील?"

वर्षभर मी वाट बघत होते कधी विचारते याची, आणि विचारलं ते आज. आत्ताच का, ते मला कळलं.

खारूताई आमची नाही. लिहून टाकते एकदाचं. तिची आई मणक्याच्या दुखण्याने इस्पितळात आहे, पायांतलं बळ गेलंय. बापाचा पत्ता नाही. गेल्या वर्षी संस्थेच्या बाईंनी सांभाळायला म्हणून आमच्याकडे आणून सोडली – सहा वर्षांचं पोर, एक पिशवी, आणि उशीखाली बिस्किटं साठवायची सवय. त्यावरून जावयाने नाव ठेवलं खारूताई. लेकीला मूल नाही, होणारही नाही, ते मागेच कळून चुकलंय. आता डॉक्टर म्हणतात, थंडी सरेपर्यंत आई पायावर उभी राहिली तर राहिली. राहिली तर पोर तिची. नाही राहिली तर पोर कायमची आमची, तसे कागद होतील.

म्हणून चित्र. गेलीच पोर, तर काहीतरी राहावं म्हणून.

हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार.

७ सप्टेंबर

पहिली बैठक. माझी एक जुनी पद्धत आहे, मुलाला एकटं बसवायचं नाही. आईला माझ्या पाठीमागे बसवते, माझ्या खांद्यावरून दिसेल अशी. पोर मग माझ्याकडे बघतच नाही, आईकडे बघतं, आणि चेहऱ्यावरचं अवघडलेपण आपोआप उतरतं. दटावून, गोळ्या-चॉकलेट देऊन जे होत नाही ते यात होतं.

आज लेकीला बसवलं. शिंकत शिंकत बसली बिचारी. खारूताई तिच्याकडे बघून हसली, छान हसली. पण जरा वेळाने नजर दाराकडे गेली ती गेलीच. "मावशी, रविवार परवा का तेरवा?" रविवारी जावई तिला बसने इस्पितळात नेतो, आईला भेटवायला. लेक म्हणाली, "तेरवा." आणि लगेच, "नाक खाजवू नकोस, आजीला काढता येत नाही."

नाकच काय, आज काहीच काढता आलं नाही.

११ सप्टेंबर

आज बरी बसली. पण गालाखाली मी हिरवा लावला आणि रागावली. "मी हिरवी नाहीये!" तिला हात धरून आरशापाशी नेलं. म्हटलं, नीट बघ, डोळ्याखाली बघ, हनुवटीखाली बघ. बराच वेळ बघितलं. मग जेवताना काकांना म्हणाली, "तुम्ही पण हिरवे आहात, काळजी करू नका." जावयाच्या घशात घास अडकला.

खडू मळले की मी ते तांदळाच्या डब्यात घालून हलवते, वरची घाण तांदळाला लागते आणि खडू लख्ख होतात. ते काम आता खारूताईने घेतलंय. असा काही डबा वाजवते की खालच्या मजल्यावरचे म्हातारे वर येऊन विचारून गेले, काही फुटलं का.

सकाळी लेक ओट्यापाशी कोपऱ्यात उभी राहते. हात जोडून, डोळे मिटून, ओठ हलतात पण आवाज नाही. लहानपणापासूनची सवय, वडिलांची लागलेली. आता शेजारी खारूताईही उभी असते तशीच – एक डोळा किलकिला, मी बघतेय का ते बघायला. माझी लेक काय मागत असेल ते सांगायला कुणी ज्योतिषी नको.

माझं आणि देवाचं बोलणं, हे गेल्यापासून बंद आहे. भांडण असं नाही झालं. एखाद्या नातेवाइकाकडे जाणं-येणं सुटतं, मग इतका काळ जातो की पुन्हा जायचं तर कोणत्या तोंडाने जायचं असं होतं. तसं. यांचं मात्र रोजचं येणं-जाणं होतं. माझ्या चित्रांच्या चौकटी हेच करायचे. काच कापायच्या आधी क्षणभर डोळे मिटायचे. मी चिडवायचे, देवाला काय काचा कापायला लावता! म्हणायचे, अगं, हात स्थिर राहू दे म्हणतो, एवढंच. तेवढंच मागायचे.

पण एक गोष्ट मला टोचते. लेक मागते ते मिळालं, तर त्याचा अर्थ ती दुसरी कधीच उभी राहायची नाही. असं मागता येतं का कुणाला? माझी लेक मुंगीवर पाय पडला तरी हळहळते. पण माया माणसाला काय काय मागायला लावते, कोण सांगणार. विचारलं नाही. तिच्या तोंडून ऐकायचं नव्हतं.

१४ सप्टेंबर

लेकीने खारूताईला थंडीचा कोट आणला. पुढच्या वर्षीही होईल असा, बाह्या बोटांच्या खाली लोंबतात.

१८ सप्टेंबर

आज जे झालं ते उभ्या आयुष्यात माझ्या हातून झालं नव्हतं.

गेले काही दिवस हात असा चालला होता की मलाच माझा हेवा वाटावा. केस एका बैठकीत झाले, कपाळ झालं, तोंड तर बघता बघता झालं. मी खूश. जावई कामावरून आला, डोकावला, आणि टूलबॉक्स हातात तसाच धरून उभा राहिला. (विजेची कामं करतो, जिथे जाईल तिथे ती पेटी बरोबर.) म्हणाला, "सासूबाई, आता कुणाची टाप आहे ही आमची नाही म्हणायची!"

लेकीला हाक मारली त्याने. ती नाकाला पदर लावून आत आली. बघत राहिली. मग म्हणाली, "आई, ही मी आहे."

आणि मला दिसलं. ओठांचा उजवा कोपरा किंचित वर, जरा हट्टी. ते माझ्या लेकीचं तोंड होतं. ती लहान असताना गिऱ्हाईक नसलं की तिलाच बसवायचे मी, इतक्यांदा काढलंय तिला की हात आपला आपण त्या वाटेला लागला. दुसरीच्या पोरीला मी माझ्या लेकीचं तोंड देऊन बसले!

जावई म्हणाला, राहू द्या, छान दिसतंय. लेक म्हणाली, "तिच्या आईला हे दाखवू नकोस." आणि बाहेर गेली. जेवायला बसली नाही, डोकं दुखतंय म्हणाली.

चोरी पकडली गेल्यासारखं झालं असणार तिला. मला तर झालंच. मनात होतं ते कागदावर आलं, आणि सगळ्यांनी बघितलं.

१९ सप्टेंबर

खडूचं एक बरं असतं, रंग कागदात मुरत नाही, वरवरच बसतो. ताठ केसांचा ब्रश घेतला आणि तोंड झाडून टाकलं. तेवढंच. बाकी चेहरा तिचाच आहे.

खारूताई डबा वाजवायला आली होती. "आजी, माझं तोंड कुठे गेलं?"

म्हटलं, तेच शोधतेय.

"हे काय, इथेच आहे," म्हणाली आणि बोट लावून दाखवलं. बोट निळं होतं.

२२ सप्टेंबर

दोनदा काढलं. दोन्हीदा लेकच आली. आता कागदाचा खरखरीतपणाच जाईल असं करत बसले तर. हे असते तर म्हणाले असते, मुलीला बघून जमत नसेल तर मूळ बघून ये. रविवारी मी पण जाते इस्पितळात.

२४ सप्टेंबर, रविवार

जाऊन आले. काय काय लिहू!

मी मनात धरून चालले होते की एक खंगलेली, रडवेली बाई असेल. तिथे बघते तर भलतीच तिखट. माझ्या लेकीहून लहान, केस कानापर्यंत कापलेले, पलंगावर ताठ बसलेली. जावयाला आल्या आल्या म्हणाली, "भाऊ, हिचे बूट उलटसुलट झालेत. बसमध्ये कुणी सांगितलं नाही?" मग माझ्याकडे वळून, "तुम्हीच का त्या आजी? गेल्या वेळी हिच्या कानात जांभळा रंग सापडला मला."

मी म्हटलं, आता कान धुवून पाठवत जाईन.

"विंचरताना अजून रडते का ही?"

"रडत नाही. ओरडते."

"मग ठीक आहे," म्हणाली. "रडायची ते वाईट होतं."

खारूताई तिला बसमधली काहीतरी लांबलचक हकिगत सांगत होती. ती ऐकत होती. आणि ऐकताना तिचा खालचा ओठ वरच्या दातांखाली जरासा आत ओढला गेला. अगदी जरासा. पोरीचंही तेच! वर्षभर मी ते बघत होते आणि लाजते आहे असं समजत होते. लाजत नव्हती ती, ऐकत होती. माझ्यासारख्या चेहरे बघून पोट भरणाऱ्या बाईला हे कळू नये म्हणजे कमाल झाली.

मग व्यायाम करून घेणारी बाई वॉकर घेऊन आली. पोरीची आई उभी राहिली. मांड्या थरथरत होत्या, कपाळावर घाम. खारूताई टाळ्या वाजवायला लागली. आणि टाळ्या सुरू असतानाच आईचे पाय गेले, धपकन पलंगावर बसली. म्हणाली, "पुढच्या वेळी टाळ्या जरा उशिरा वाजव."

ती बसली आणि मला हायसं वाटलं.

हो, हायसं वाटलं. इथे नाही लिहिलं तर कुठे लिहिणार. उठून बाहेर गेले, बाकावर बसले, आणि मनात म्हटलं – पोर आमच्याकडेच राहू दे. कुणाला म्हटलं? इतक्या वर्षांनी त्याच्या दारात गेले आणि गेले ती हे मागायला. आत ती पोरगी घाम पुसत होती आणि बाहेर मी हे. नळावर तोंड धुतलं, परत आत गेले, ऐकताना ओठ आत जातो तो काढायचाय असं सांगून तिची परवानगी काढून तिच्या ओठांची दोन-तीन रेखाटनं केली. उत्तम झाली. मनात काहीही असो, हात आपलं काम करतो.

२५ सप्टेंबर

लेकीने विचारलं, "कशी आहे ती?"

म्हटलं, उभी राहिली, मग बसली.

"राहिली ना पण उभी?" एवढंच म्हणाली आणि भांडी घासायला वळली. घाबरलीय. आवाजावरून कळतं मला.

२ ऑक्टोबर

झालं! तोंड सापडलं. खालचा ओठ किंचित आत, त्यावर एक लहानसा प्रकाश, करंगळीने घासून बसवलेला. आता ती पोर ऐकतेय असं वाटतं. काय ऐकतेय कोण जाणे, पण मन लावून ऐकतेय.

खारूताईला बोलावलं. चित्रापुढे उभी राहिली, स्वतःचा ओठ चाचपला. "ही मी," म्हणाली, आणि खेळायला पळाली. एवढं मोठं प्रशस्तिपत्रक मला कुणी दिलेलं नाही.

जावई मात्र नाराज. "पहिलं बरं होतं," म्हणत होता. लेकीने काच, चौकट करून आणली आणि स्वतः स्टुलावर चढून खिळा ठोकला, खारूताईच्या पलंगासमोर.

९ ऑक्टोबर

बेकरीवाल्याच्या पोराला एक दात आला. बाई म्हणतात, आता पुन्हा काढा. म्हटलं, दुसरा येऊ द्या, की दर दाताला एक चित्र काढायचं? विचारात पडल्या. खरंच काढतील हो!

२३ ऑक्टोबर

खारूताईला ताप. लेक सारखी उशापाशी. पोर ग्लानीत "आई" म्हणाली आणि लेक "ओ" म्हणाली. दोघींपैकी कुणाच्याच लक्षात आलं नाही. माझ्या आलं.

पुन्हा म्हटलं मनात. राहू दे. आता येणं-जाणं सुरूच झालंय तर.

१ नोव्हेंबर

संस्थेच्या बाईंचा फोन. ती चालली. वॉकर सोडून, वॉर्डच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. डॉक्टर म्हणाले, लवकरच घरी जाईल.

लेकीने फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जमिनीवरच बसली. काय रडली! लग्नात रडली नव्हती एवढी. जावई पाठीवरून हात फिरवत होता, त्याचेही डोळे भरलेले. मी जवळ गेले तर म्हणाली, "मी ठीक आहे, आई. रडू दे मला."

खोलीत आले आणि दार लावून छताकडे बघून चांगलं सुनावलं. म्हटलं, माझं सोड, मी हक्काने मागावं असं माझं काही उरलं नाही. पण हिने तुझं काय घोडं मारलं होतं? रोज सकाळी न चुकता तुझ्यापुढे उभी राहते. तिला एवढं एक द्यायचं होतंस.

१२ नोव्हेंबर

गेली.

आई न्यायला आली होती, हातात काठी, सोबत संस्थेच्या बाई. जिना चढून वर आली, कुणाचा हात धरला नाही. लेकीने पिशव्या आदल्या दिवशीच भरून ठेवल्या होत्या. उशी उचलली तर खाली बिस्किटं. लेकीने ती पण पुडीत बांधून दिली, चुरा झालेली सुद्धा.

मग आत गेली आणि खिळ्यावरचं चित्र काढून आणलं. "हे तुमच्याकडे असू द्या." मला असा राग आला! एवढं एक तरी ठेवायचं होतं घरात.

पोरीची आई चित्राकडे बघत राहिली. म्हणाली, "ऐकताना मी अशी दिसते?"

"अगदी अशीच," लेक म्हणाली. दोघी हसल्या. जावयाने चित्र जुन्या चादरीत गुंडाळलं आणि तिला बजावलं, बसमध्ये उभंच धरा, आडवं करू नका, भुकटी झडते. इतकी वर्षं मी सांगते ते त्याच्या लक्षात होतं म्हणायचं!

खारूताई जाताना म्हणाली, "आजी, डबा तू वाजव आता."

१३ नोव्हेंबर

खिळा तसाच आहे. खडू मळलेत, मळू देत.

१८ नोव्हेंबर

लेक अजूनही सकाळी कोपऱ्यात उभी राहते. आता काय उरलंय मागायला? मी बघते आणि चहा ओतते. माझं मात्र बोलणं पुन्हा बंद झालंय, आणि या वेळी भांडूनच.

पण लेक तशी बरी आहे, हेही लिहायला हवं. कालपासून खायला लागलीय नीट. रस्त्यात गुणगुणत होती. तिचा स्वभावच समजत नाही कधी कधी. मी जन्म दिला आणि मीच तोंड वाचू शकत नाही.

२४ नोव्हेंबर

फोन आला – खारूताईच्या आईचाच. दर आठवड्याला व्यायामाला इस्पितळात जावं लागतं, दिवस मोडतो. पोरीला कुठे ठेवू? ती म्हणते मावशीकडेच. चालेल का?

"चालेल का?" लेक फोनवर ओरडली. "अहो, आणा! आणा!" मग मला सांगायला आली आणि माझ्या खोलीतच बसून राहिली, शिंकत. मी तिला म्हटलं, बस अशीच, हलू नकोस. कोरा कागद लावला. किती वर्षांनी काढतेय तिला. तोंड शोधावं लागलं नाही.

२९ नोव्हेंबर

खारूताई आली. लेक दुकानात गेलेली. पोरीने बूट काढले आणि सरळ ओट्यापाशी कोपऱ्यात जाऊन हात जोडून उभी राहिली. मावशी शेजारी नाही म्हणून की काय, आज मोठ्याने म्हणाली, "देवा, आईच्या पायांत बळ दे. तिला चालवत घरी ने."

विचारलं, हे कुणी शिकवलं तुला?

"मावशीने. आले त्या दिवशीच. आम्ही रोज हेच म्हणायचो."

म्हणजे पोर राहू दे म्हणणारी या घरात एकटी मीच. त्याने तिचं ऐकलं, माझं नाही ऐकलं. बरं झालं.